‘काहीतरी करून घेईल’ अशी भीती वाटते तेव्हा

मराठीत ही गोष्ट सरळ नाव घेऊन बोलायची पद्धत नाही. ‘त्यानं काहीतरी करून घेतलं’, ‘जिवाचं बरंवाईट केलं’ असं आपण म्हणतो, तेही आवाज खाली आणून, दार लोटून. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना हे चालून जातं. जिवंत माणसाला सावरायचं असेल तर मात्र हाच आडपडदा आड येतो. कारण ज्याच्या मनात असे विचार घोळत असतात, तोही आपल्याशी याच आडवळणाच्या भाषेत बोलतो. ‘आता बास झालं.’ ‘माझ्यामुळंच सगळ्यांना त्रास.’ ‘एकदाचं सुटायचंय.’ ऐकणारा म्हणतो, ‘असं अभद्र बोलू नये रे,’ आणि चहा टाकायला उठतो. विषय तिथंच मिटतो.

हा लेख त्या चहाच्या आधीच्या दोन मिनिटांबद्दल आहे, आणि त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल.

वाचता वाचता हे आपल्याबद्दलच आहे असं वाटलं, तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा नंबर लावा किंवा घरातल्या, शेजारच्या एका माणसाला नुसतं ‘माझ्याजवळ येऊन बस’ एवढंच सांगा. कारण सांगायची गरज नाही.

आता विचारायचं कसं. समजा तुमचा चुलतभाऊ आहे. दोन महिने झाले, पारावर येत नाही, रात्री झोप नाही, पिणं वाढलंय. परवा त्यानं वहिनीला बसवून एलआयसीची पॉलिसी, सातबारा, सोसायटीचं पासबुक कुठं ठेवलंय ते दाखवलं. कुणाचे पाचशे-हजार उसने होते तेही न मागता देऊन टाकले. घरच्यांना वाटलं, बरं झालं, माणूस जबाबदारीनं वागायला लागला. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर साधीच आहे. चार एकत्र आल्या की मात्र थांबून विचारावं लागतं. खूप दिवस तळमळणारा माणूस एकाएकी शांत, हलका दिसू लागला, तर तेव्हाही. कधी कधी ती शांतता निर्णय होऊन गेल्याची असते.

त्याला बाजूला घ्या. शेताच्या बांधावर, गच्चीत, मोटारसायकलवरून जाताना, कुठंही, पण चार माणसांत नको. ‘दादा, बरेच दिवस बघतोय, तू खूप त्रासात आहेस. इतकं झालं की कधी जीव द्यावा असं मनात येतं का?’

हे वाक्य तोंडातून काढणं अवघड जातं. आपणच त्याच्या डोक्यात नको ते घालू, ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. या भीतीवर बऱ्याच देशांत संशोधन झालंय. सरळ विचारल्यानं असे विचार वाढतात असं त्यात आढळलेलं नाही. उलट पुष्कळांना विचारल्यावर हलकं वाटतं, कारण जे ओझं ते एकटे वाहत होते ते आता दुसऱ्या कुणाला दिसलेलं असतं. फक्त प्रश्न उलटा टाकू नका. ‘तसलं काही नाही ना डोक्यात?’ असं विचारलं की समोरच्याला आपलं हवं ते उत्तर आधीच कळतं. तो ‘छे छे’ म्हणतो आणि दोघंही सुटतात.

आणि ‘हो’ आलं तर?

लगेच काही करायचं नाही. ऐकायचं. हे सगळ्यात कठीण, कारण आपल्याकडे सांत्वन म्हणजे बोलणं. ‘बायकापोरांचा तरी विचार कर’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी वापरलेलं असतं. पण त्यानं तोच विचार शंभरदा केलेला असतो आणि त्यातूनच आपण घरावर ओझं आहोत या निष्कर्षाला तो आलेला असतो. आपल्या बोलण्यानं त्यात अपराधाची आणखी एक वीट पडते, एवढंच. ‘लोकांचं बघ, किती वाईट दिवस काढतात’ याचंही तसंच. त्यापेक्षा ‘किती दिवसांपासून वाटतंय?’, ‘रात्री जास्त होतं का?’, ‘काल इतकं वाटत होतं, तरी थांबलास. कशामुळं थांबलास?’ असे प्रश्न कामाचे. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. कुणी म्हणेल धाकटी पोर आठवली, कुणी म्हणेल बैलाला पाणी पाजायचं राहिलं होतं. मरायचं असं म्हणणाऱ्या बहुतेकांना मुळात मरण नको असतं, हा त्रास थांबायला हवा असतो. दोन्ही मनं एकाच वेळी जागी असतात. आपलं काम दुसऱ्या मनाशी बोलत राहण्याचं.

मग आणखी तीन गोष्टी विचारायच्या. कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी काही जमवलंय का? कधी ते ठरवलंय का? या तिन्हींना ‘नाही’ असेल तर दोन-चार दिवसांत डॉक्टरकडे नेणं, रोज भेटणं चालू शकतं. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, किंवा पूर्वी कधी असा प्रयत्न झालेला असेल, तर ती वेळ आजची आहे. त्याला एकटं सोडायचं नाही, संडासात गेला तरी आतून कडी नको. घरातल्या धोक्याच्या वस्तू गुपचूप नव्हे, त्याला सांगून हलवायच्या. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असं तो विचारेल. तसा शब्द देऊ नका. ‘गावभर करणार नाही, पण तुला सांभाळायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगणार, आणि तुला विचारून सांगणार,’ एवढं म्हणा.

रात्री अकराला कुणाला गाठायचं? यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. नंबर १४४१६, किंवा १८००-८९-१४४१६. चोवीस तास, फुकट, मराठी आणि कोकणीसह वीस भाषांत. फोन लावला की आधी रेकॉर्डवरचा आवाज भाषा निवडायला सांगतो. नाव सांगायलाच हवं असं नाही. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्यातल्या सरकारी यंत्रणेकडे जोडून देतात. हे फारसं कुणाला माहीत नसतं, पण त्रास होणाऱ्यानंच फोन करायला हवा असं नाही. ‘माझा भाऊ असं बोलतोय, मी काय करू?’ असं तुम्हीही विचारू शकता. फोन पहिल्या खेपेला लागेलच असं कुणी सांगू शकत नाही. पुन्हा लावायचा. ‘लाइन बिझी’ हे त्या अवस्थेतल्या माणसाला ‘तुझ्यासाठी इथंही कुणी नाही’ असं ऐकू येतं, म्हणून नंबर त्याच्या हातात देऊन मोकळं न होता शेजारी बसून तुमच्याच फोनवरून लावलेला बरा.

काही घडून गेलं असेल किंवा घडण्याच्या बेतात असेल तर समुपदेशनाची वेळ नाही. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. लहान मुलांसाठी १०९८, घरात मारहाणीचा जाच असलेल्या बाईसाठी १८१. नातेवाईक परदेशात असतील तर तिथले नंबर वेगळे. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’चा ११६ १२३, ऑस्ट्रेलियात ‘लाइफलाइन’चा १३ ११ १४. न्यू जर्सीतल्या मुलाशी पुण्याहून रात्रभर व्हिडिओ कॉलवर बसलेल्या आईबापांना हे नंबर आधीपासून माहीत असलेले बरे.

दुसऱ्या दिवशीचं ठिकाण म्हणजे जिल्हा रुग्णालय, लोकांच्या भाषेत सिव्हिल, किंवा जवळचं वैद्यकीय महाविद्यालय. तिथं मानसोपचार विभागाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, पण पहिल्या भेटीसाठी तिथवर जायची सहसा गरज नसते. लोक समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत गल्लत करतात. समुपदेशक बोलून मदत करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएस होऊन पुढं मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘आठ दिवस झाले, काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे खूप, आणि नेमका हाच काळ सांभाळायचा असतो. गोळ्यांची पाकिटं या दिवसांत वहिनीच्या किंवा आईच्या ताब्यात असावीत, थोडी थोडी आणावीत.

देवऋषीकडं नेऊ नका असं मी म्हणत बसत नाही. नेणारे नेतातच, आणि वाद घालण्यात दिवस जातात. गंडा बांधा, पण गोळीही चालू ठेवा. एवढी तडजोड बहुतेक घरं मान्य करतात.

आता पोलिसांचं. गावाकडं माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो त्याचं एक मोठं कारण ‘केस होईल’ हे असतं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगत होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं ते जवळपास निकामी केलं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, उलट तिला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी, असं ते सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ आलंच नाही. सरकारी नोकराला अडवण्यासाठी किंवा त्याच्याकडून काही करवून घेण्यासाठी असा प्रयत्न केला तर तेवढा गुन्हा ठेवलाय. दवाखान्यात ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतात, पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, पण ती नोंद म्हणजे रुग्णावरचा गुन्हा नव्हे. काही खासगी दवाखाने तरीही या नोंदीची कटकट नको म्हणून दारातूनच पुढं पाठवतात. त्या वेळी वाद न घालता १०८ लावून सिव्हिल गाठलेलं बरं, भांडण नंतर. याच २०१७ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे. मनाच्या आजाराला आरोग्य विमा शरीराच्या आजारासारखाच मिळाला पाहिजे. एजंट हे आपणहून सांगत नाही.

इथवर एका घराचं झालं. पण गाव काय करू शकतं?

चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ ही आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. त्यांच्या लक्षात आलं की खेड्यांमधल्या कितीतरी घटना आधी ठरवून झालेल्या नसतात. भांडण होतं, डोक्यात सणक जाते, आणि फवारणीचं औषध हाताशी असतं. ती लाट काही तासांत ओसरली असती, पण तेवढे तास मिळत नाहीत. म्हणून तमिळनाडूतल्या काट्टुमन्नारकोविल भागात त्यांनी दोन गावांत सामाईक कोठार केलं. प्रत्येक शेतकऱ्याचा आपला कप्पा, एक चावी शेतकऱ्याकडं, दुसरी तिथं बसणाऱ्या माणसाकडं. औषध हवं तेव्हा मिळायचं, पण घरात राहायचं नाही आणि नेताना एका माणसाचं तोंड बघावं लागायचं. त्या गावांत आत्महत्या कमी झाल्या. प्रयोग लहान होता. पुढं श्रीलंकेत दीडशेहून जास्त गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिलं, तर २०१७ साली आलेल्या निष्कर्षात फायदा दिसला नाही. मला यातून एवढंच कळतं की कुलपापेक्षा अंतर कामाचं. घरातल्या पेटीची चावी घरातच असते.

श्रीलंकेनं त्याआधी केलेला दुसरा उपाय मात्र फार मोठा ठरला. सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. पिकांच्या उत्पन्नाला त्याचा फटका बसल्याचं दिसलं नाही. मनाचा एकही डॉक्टर न वाढवता, केवळ कृषी खात्याच्या फायलीतून इतके जीव वाचू शकतात, हे आपल्याकडे कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहिलं की आठवतं.

विदर्भात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प ३० खेड्यांत झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडं, मग डॉक्टरकडं न्यायचं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पातही गावातलेच ‘चॅम्पियन’ आणि ‘मित्र’ निवडले. हे लोक दुःख ऐकायचे तसे निराधार योजनेचा अर्ज भरायलाही मदत करायचे. हा तपशील मला फार आवडतो. पेन्शन अडलीय म्हणून खचलेल्या म्हातारीला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी तहसीलला नेलं पाहिजे, हे गावातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

परीक्षेचंही असंच. निकालाच्या आठवड्यात पोरांचे जीव टांगणीला लागतात, कारण नापास म्हणजे अख्खं वर्ष गेलं. महाराष्ट्रानं २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा त्याच जुलैत घ्यायला सुरुवात केली. वेळापत्रकातला एक बदल, पण वर्ष वाचतं हे निकालाच्या दिवशीच घरात सांगता येतं.

आकडे थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशोबानं २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्येनं जीव गमावला, त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले. राज्यांत सगळ्यात मोठा आकडा आपला. आपल्याकडे हा विषय निघाला की शेतकरीच डोळ्यांपुढं येतो, आणि त्याचं दुःख खरंच आहे. पण त्या वर्षी राज्यातल्या शेतकरी आणि शेतमजुरांचा आकडा ४,२४८ होता, म्हणजे पाचातला एकही पुरता नाही. बाकीचे चार कोण? रोजंदारीवरचे, गृहिणी, विद्यार्थी, छोटे दुकानदार, नोकरदार. देशाच्या आकड्यांत मरणाऱ्यांपैकी दहातले सात पुरुष, आणि कारणांच्या रकान्यात सगळ्यात वर ‘कौटुंबिक समस्या’, त्याखाली ‘आजार’. रकान्यात एकच कारण लिहितात म्हणून ते एकच असतं असं नाही. कर्ज, दारू, पाठदुखी, मुलीचं लग्न आणि उपचाराविना राहिलेलं नैराश्य एकाच माणसात एकाच वेळी असतं. ‘मार्क कमी पडले म्हणून’ हा मथळा त्यामुळंच खोटा असतो, आणि घातकही. तसेच मार्क पडलेलं दुसरं पोर तो वाचत असतं.

प्रेस कौन्सिलनं २०१९ साली वृत्तपत्रांना सांगितलं की पद्धतीचा तपशील, चिठ्ठी, फोटो छापू नका, बातमी भडक करू नका. व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपला प्रेस कौन्सिल नाही. तिथं तो फोटो आला तर पुढं पाठवू नका, आणि ॲडमिनला फोन करून काढायला लावा. ग्रुपवर लिहून वाद होतो, फोनवर बहुतेक वेळा काम होतं.

आणि ज्या घरात हे घडलंय त्या घराकडं कसं जायचं? लोक दहाव्या-तेराव्यापर्यंत येतात, मग येईनासे होतात. काय बोलायचं ते कळत नाही म्हणून वाट बदलतात. त्या घरातल्या आईला मात्र लोक टाळतायत एवढंच दिसतं. ‘कसं काय झालं?’ विचारू नका, ‘तुम्हाला काहीच कळलं नाही का?’ तर मुळीच नको. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. अशा घरातल्या माणसांना स्वतःलाही धोका जास्त असतो, तेव्हा वर सांगितलेला सरळ प्रश्न त्यांनाही कधीतरी विचारावा लागतो.

आता त्या दीड वर्षाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचून दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांना घेतलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यासोबत तासभर नीट समजावून सांगणं आणि घरी गेल्यावर नऊ वेळा फोन किंवा भेट. बरं आहे का, काही लागतंय का, एवढंच. २००८ साली निकाल आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात दीड वर्षात २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेले, फोन गेलेल्यांत ०.२ टक्के.

ते नऊ फोन कधी केले होते तेही ठरलेलं होतं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. आधी दाट, मग विरळ. ते फोन करणारे प्रशिक्षित होते, आपण नाही, पण वेळापत्रक उसनं घ्यायला हरकत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात दूध आलं नाही त्या दिवसांवर आपण फुली मारतोच. तिथंच या तारखांवर ‘दादा’ एवढं लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आणलं की उरलेल्या तारखा त्यावर उतरवून घ्यायच्या. फोनवर काय बोलायचं याची काळजी नको. ‘सहजच केला रे, जेवलास का?’ चालतं. तो म्हणेल, ‘हो, तू?’